बंपर फुटला, विमा कंपनीला कळवायचं का?

वाचक विचारतात : गाडी आणि विमा

प्रश्न : माझी १२०० सीसीची हॅचबॅक आहे, पॉलिसीचं चौथं वर्ष चालू आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे घेताना खांबाला लागून मागचा बंपर फुटला. वर्कशॉपने ९,२०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय : बंपर ४,२००, रंग ३,६००, मजुरी १,४००. तिथला माणूस म्हणतो, 'क्लेम टाका की, विमा कशाला काढलाय?' सध्या नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के आहे. काय करावं?
(एक वाचक, कोथरूड)

वर्कशॉपवाल्याला बिल कोणीही भरलं तरी सारखंच. तुम्हाला मात्र दोन आकडे काढून शेजारी ठेवावे लागतील : कंपनी आज किती देईल, आणि पुढच्या रिन्युअलपासून तुमचं किती जाईल.

आधी कंपनी काय देईल ते. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (जिच्यात स्वतःच्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान येतं) प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर सरसकट ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात. गाडी सहा महिन्यांची असो की सहा वर्षांची, यात फरक पडत नाही. वय बघतात ते पत्र्याच्या भागांना : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, २५, ३५ असं वाढत पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. तुमचा बंपर प्लास्टिकचा, म्हणजे २,१०० गेले. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम मालाची धरतात आणि तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात. ३,६०० चे २५ टक्के ९००, त्यातले ४५० गेले. मजुरी पूर्ण मिळते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपयांची सक्तीची वजावट आहे (त्यावरच्या गाड्यांना २,०००). एवढं सगळं वजा जाता हातात ५,६५०.

आता जाणारी रक्कम. एका क्लेमने ३५ चे २० होत नाहीत, थेट शून्य होतं. इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी आहे आणि घसरलात की तळापासून चढायचं. क्लेम न करता वर्ष पार पडलं तर रिन्युअलला तुम्हाला ४५ टक्के मिळतील, क्लेम केलात तर शून्य. त्यापुढच्या वर्षी ५० विरुद्ध २०, मग ५० विरुद्ध २५, ५० विरुद्ध ३५, ५० विरुद्ध ४५. या फरकांची बेरीज १२० टक्के.

हे टक्के ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर असतात, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या) हप्त्याला त्यांचा स्पर्श होत नाही. तुमच्या रिन्युअलच्या कागदावर बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेजचा आकडा शोधा. तो ८,००० आहे असं धरलं, तर पहिल्या वर्षी ३,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ४,२४८ जास्त जातील. दुसऱ्या वर्षी २,८३२. पाच वर्षांत एकूण ११,३२८. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) उतरते तसा मूळ हप्ताही थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा काहीसं कमी. तरी पहिल्या दोनच वर्षांचे ७,०८० हे आज मिळणाऱ्या ५,६५० च्या पुढे जातात. तेव्हा खिशातून भरा आणि मोकळे व्हा.

झिरो डेप हे अॅड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेलं वाढीव संरक्षण) घेतलं असेल तर घसारा कापला जात नाही, कंपनी ८,२०० देईल आणि निर्णय काठावर येईल. बोनस प्रोटेक्शनचं (क्लेम केला तरी बोनस राखणारं) अॅड-ऑन असेल तर हे गणितच बदलतं, तेव्हा आधी पॉलिसीचं अॅड-ऑनचं पान काढून बघा. ज्यांची गाडी नवी आहे आणि पहिलंच वर्ष चालू आहे, त्यांच्याकडे गमावण्यासारखं कमी असतं : त्यांच्या फरकाची बेरीज ५० टक्क्यांच्या आसपासच भरते. गाडी विकायची म्हणून बोनसवर पाणी सोडू नका. तो गाडीचा नसून तुमचा असतो. विकताना कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेतलंत तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.

एक खबरदारी. 'फक्त बंपरच' हे वरून दिसतं ते. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायला सांगा : मागे बंपरचे ब्रॅकेट, आतला बीम, पार्किंग सेन्सर, डिकीच्या तळाचा पत्रा. पुढून धडक असेल तर एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि हेडलाइटचे कान (दिवा जागेवर धरून ठेवणारे). एक कान तुटला तरी अनेक गाड्यांत अख्खा दिवा बदलावा लागतो आणि ९,००० चं बिल बघता बघता २५,००० वर जातं. मेकॅनिक 'ओपन केल्यावर कळेल' म्हणाला तर खोलायच्या आधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) न बघितलेलं, खोलून ठेवलेलं काम मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर सिग्नलला माझ्या गाडीचा मागून एका दुचाकीला धक्का लागला. तो पडला, पण 'काही नाही झालं' म्हणाला. मी दोन हजार रुपये ऑनलाइन दिले, तो निघून गेला. माझ्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. आता कंपनीला कळवून उगाच बोनस कशाला घालवायचा?
(एक वाचक, धायरी)

कळवणं आणि क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तुम्ही मागत नाही, तेव्हा ओन डॅमेजचा क्लेमच नाही. पण दुसरा माणूस गुंतला की कळवायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर राहत नाही. कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलीस तिथे नसतील तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात माहिती द्यायची आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४ सांगतं.

त्या क्षणी 'काही नाही' म्हणणाऱ्याचं मनगट किंवा गुडघा रात्री सुजतो. अपघातापासून सहा महिन्यांपर्यंत तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. दोन हजार दिले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. उलट, पॉलिसीतली एक अट फार कमी लोक वाचतात : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत की भरपाईचं वचन द्यायचं नाही. 'माझीच चूक होती, खर्च देतो' असा व्हॉट्सअॅप मेसेज उद्या न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध उभा राहतो, आणि कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. माणुसकी म्हणून रिक्षाने दवाखान्यात न्या, पाणी द्या, चौकशी करा. चुकीवर मात्र काही लिहू नका.

आजच ईमेल करा. त्यात पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, नेमकी जागा, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन्स क्रमांक, समोरच्याने काय सांगितलं ते, आणि दिलेले दोन हजारही लिहा. शेवटी 'ही केवळ सूचना आहे, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा क्लेम सध्या करत नाही' असं स्पष्ट म्हणा. फोनवर कळवलंत तर कॉल सेंटरचा माणूस सवयीने क्लेम नंबर काढून देतो. तसं झालं तर तो क्लेम रक्कम न घेता बंद केल्याचं लेखी मागून घ्या आणि रिन्युअलला ते जवळ ठेवा. पुढे कोर्टाची नोटीस आली तर ती त्याच दिवशी कंपनीकडे पाठवायची, टेबलावर पडू द्यायची नाही.

प्रश्न : मागून दुसऱ्या गाडीने ठोकलं, चूक शंभर टक्के त्याची. तरी माझाच बोनस का जावा?
(एक वाचक, बाणेर)

कारण तुम्ही तुमच्याच पॉलिसीतून पैसे घेता, आणि बोनस चूक कोणाची हे बघत नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून वसुली होऊ शकते (खाजगी गाडीला मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख), पण तिचा रस्ता न्यायाधिकरणातून जातो. पंधरा हजारांच्या डिकीसाठी शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या कोणी घालत नाही. तो तुमच्या वर्कशॉपचं बिल भरायला तयार असेल तर तेच सोयीचं, मात्र त्यालाही वरची अट लागू आहे, म्हणून आधी त्याच्या कंपनीला कळवायला सांगा.

प्रश्न : डावीकडे जुने ओरखडे आहेत, आता उजवा दरवाजा चेपला. एकाच क्लेममध्ये सगळी गाडी रंगवून मिळेल का?
(एक वाचक, हडपसर)

नाही. दोन अपघात म्हणजे दोन क्लेम आणि दोनदा वजावट. जुन्या ओरखड्यात धूळ आणि पॉलिश साचलेलं असतं, पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरलेला असतो, आणि ओरखड्याची दिशा सांगितलेल्या प्रसंगाशी जुळत नाही. सर्व्हेअर हेच बघायला येतो. खोटा प्रसंग लिहिला तर उजव्या दरवाजाचे खरे पैसेही अडकतात.

प्रश्न : यंदा क्लेम घेतला. दुसऱ्या कंपनीकडे गेलो आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये 'क्लेम नाही' लिहिलं तर?
(एक वाचक, पिंपळे सौदागर)

नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते. पॉलिसी तेव्हा निघेलही, हप्ताही कमी दिसेल; पण खोटं उघड झालं की ओन डॅमेजखालचे सगळे लाभ जप्त करण्याचा हक्क कंपनीला आहे. म्हणजे चार-पाच हजार वाचवायला गेलात आणि मोठा अपघात झाला, तर गाडीची सगळी दुरुस्ती तुमच्या खिशातून. लिहून बसला असाल तर आजच कंपनीला कळवा आणि फरकाची रक्कम भरून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या.