प्राथमिक शाळेत लहान मुलांना शिकवण्याचं काम आरामाचं असतं का? ऑफिसची नोकरी सोडून यावं का?

"आरामाचं" हा शब्द वाचला आणि तपासायच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले. १४ वर्षं पहिलीच्या वर्गावर आहे.

एक दिवस सांगते. वजाबाकी चालली होती आणि मागच्या बाकावरचा एक जण तोंडावर हात धरून हुंदके द्यायला लागला. जाऊन बघते तर खालचा पुढचा दात गायब आणि ओठाला जरासं रक्त. आता पहिलीत हे रोजचंच, साधारण सहाव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात, सगळे २० पडेपर्यंत बारावं वर्ष उजाडतं आणि सुरुवात बहुतेक वेळा खालच्या पुढच्या दोघांपासून, म्हणजे नेमकी आमच्याच वर्गात. रक्ताचं काही नाही, रुमाल दाबून धरला की थांबतं. पण हा रक्ताला रडतच नव्हता. दात हरवला होता आणि तो आईला दाखवायचा होता.

मग काय, अख्खा वर्ग बाकांखाली. "बाई, सापडला!" करत जो तो खडूचा तुकडा आणून देतोय, वर्गात खडूचे इतके तुकडे पडलेले असतात हे मला त्या दिवशी कळलं. एकाने शर्टाचं बटण आणलं. एक मुलगी स्वतःचा हलणारा दात चिमटीत धरून म्हणाली, "बाई, माझा देऊ का ह्याला?" तिला थांबवेपर्यंत आणखी तिघं आपापले दात हलवायला लागलेले.

आणि दारात सुपरवायझर मॅडम. मी गुडघ्यांवर, ओंजळीत खडू. "गणिताचा तास आहे ना हा?"

मी म्हटलं, दात सापडल्याशिवाय हा वजाबाकी करणार नाही आणि हा रडतोय तोवर बाकीचेही करणार नाहीत. त्या म्हणाल्या, मग गप्प बसवायचं. शेरा लिहून गेल्या, "वर्गावर नियंत्रण नाही."

९ वर्षं झाली ह्याला, अजून डोकं तापतं. गप्प बसवता येतं हो मलाही. हाताची घडी तोंडावर बोट, दारातून बघायला फार छान दिसतं, पण आत एकाच्याही डोक्यात काही शिरत नसतं. ह्याच मॅडमना पानंच्या पानं भरलेल्या वह्या लागायच्या. मनगटात ८ हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ, लवचिक भाग असते आणि सहा-सात वर्षांच्या पोराची अजून सगळी हाडं झालेलीही नसतात. त्या हाताला दहा वेळा लिहायला लावून कुणाचं अक्षर सुधारलंय? असो.

तुमचं काय ते. आराम नाही. वर्ग एकटा सोडता येत नाही म्हणून मधल्या सुट्टीपर्यंत बाथरूम विसरा, घसा बसतो, एकच वाक्य वीस वेळा बोलावं लागतं आणि एकविसाव्यांदा कुणीतरी विचारतंच, "बाई, कुठल्या पानावर?" ऑफिसमध्ये बॉसला वैतागून येणार असाल तर बॉस इथेही आहेत, फक्त ते दारातून डोकावतात. आणि घरी कुणी "पोरं तर सांभाळायचीत" म्हणणारं असेल तर त्यांना एक दिवस वर्गात बसवा, मग ठरवा.

हां, एक राहिलं. त्या गडबडीत एकाचं कपाळ बाकावर आपटून टेंगूळ आलं होतं, म्हणजे मॅडमचं अगदीच चूक नव्हतं. एका रांगेने शोधायला लावायला हवं होतं. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

दात दोन दिवसांनी मिळाला. शार्पनरच्या डबीत, पेन्सिलीच्या सालपटांत. हरवू नये म्हणून त्यानेच ठेवला होता.