आधी मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि जीव खालीवर झाला. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ब्रिकेटचं (दाबून केलेल्या जळणाच्या विटांचं) काम सोड, हरित हायड्रोजन, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यातून काढलेला, तो विषय घे, निधी तिकडे आहे, असं तुला सांगितलंय. निधी तिकडे आहे हे खरंच. 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचं मिशन मंजूर केलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. घ्यायचा तर खुशाल घे. पण आधी मोज. एक किलो हायड्रोजनला नुसत्या रासायनिक हिशोबाने नऊ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरणात जाईल ते वेगळं. अमळनेर-पारोळ्याच्या उन्हाळ्यात ते कुठून येणार, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवं.

पऱ्हाट्यांचंही तेच. ‘काडी चांगली वाळलेली होती’ असलं वाक्य मला पुन्हा पाठवू नकोस! तुकडे कर, वजन घे, 105 अंशांवर ओव्हनमध्ये ठेव, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात, गार कर, पुन्हा वजन घे. वजन उतरायचं थांबेपर्यंत हेच. ओलावा जास्त राहिला की ब्रिकेटचा भुगा होतो. केळीच्या खोडात तर बहुतेक पाणीच. वाळवून जाळलंस तरी राखेत पालाश इतकं, की ती लवकर वितळते आणि भट्टीत क्लिंकर, म्हणजे राखेचा दगडासारखा थर, धरतो.

हे आम्ही मोजलं होतं. पैसे देणारे म्हणाले, राखेचं पान अहवालातून काढा. मी काढलं नाही. पुढचा हप्ता आला नाही. नमतं घेतलं असतं तर प्रयोगशाळा उभी राहिली असती, असं लोक अजून ऐकवतात. राहिली असती, आणि आमच्या अहवालावर विसंबून केळीच्या रावेरकडच्या एखाद्याने भट्टीसाठी कर्ज काढलं असतं. ते मला तेव्हाही चालणारं नव्हतं, आजही नाही. सल आहे ती माझ्याकडच्या मुलांची. त्यांचं मानधन थांबलं, ती सुरतेला नोकरीला गेली, संशोधनात परतली नाहीत. चांगल्या हाताची पोरं होती.

आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही. एवढ्याशा पैशात न मोजलेला आकडा परवडत नाही, मग विषय हायड्रोजनचा असो की काडीकचऱ्याचा.

मामांच्या शेतात रोटाव्हेटर फिरायच्या आत नमुने उचल. पिशवीवर तारीख, गाव, वाण लिही. तुझ्या मार्गदर्शकांशी बोलायला मी येतो. तू येताना वही घेऊन ये.

तुझे,
सर