हर की दूनला निघण्याआधी

अगं, उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्याच्या ट्रेकला आठ जणी जमल्यात हे छानच! पण तिकिटं काढण्याआधी सगळ्यांना पाठीवर दहा किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढायला लाव. जिला आधी धाप लागेल, तिच्या चालीवर रोजचा टप्पा ठरव.

सांक्रीहून, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाहून, सुपिन नदीच्या कडेकडेनं जाणारी वाट सोपी वाटते. पण हर की दून साधारण ३,५०० मीटरवर आहे, सिंहगड जेमतेम १,३०० मीटर. विरळ हवेची सवय पुण्यात होत नाही, म्हणून एक दिवस राखीव ठेवच. बर्फ वितळतं तसं दुपारी ओढ्यांचं पाणी चढतं, ते सकाळीच ओलांडा.

आणि कोरे बूट नकोत. माझी टाच दुसऱ्याच दिवशी सोलली होती. चिकटलेला मोजा सोडवताना डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर आधीपासून रोज घाल.