ओबामाकेअर येऊनही अमेरिकेत डॉक्टरची अपॉइंटमेंट लवकर का मिळत नाही?

कारण ओबामांच्या काळातल्या त्या आरोग्यविमा कायद्याने विमा जितका वाढवला, तितके डॉक्टर वाढले नाहीत. २०१० नंतर लाखो लोकांच्या हाती विम्याचं कार्ड आलं. पण तिथे रेसिडेन्सी (वैद्यकीय पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) केल्याशिवाय सहसा प्रॅक्टिस करता येत नाही, आणि या प्रशिक्षणाच्या जागांसाठी मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) देत असलेल्या पैशावर १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट ॲक्टने मर्यादा घातली, तीही बहुतेक रुग्णालयांना १९९६ मध्ये असलेल्या जागांच्या आकड्यावर. २०२० च्या अखेरीस काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मेडिकेअरच्या पैशावरच्या १००० जागा वाढवल्या, त्याही टप्प्याटप्प्याने. एवढ्या मोठ्या देशाला हे म्हणजे दर्यामें खसखस! अर्थात रुग्णालयं स्वखर्चाने जादा जागा काढतात, त्यामुळे संख्या अगदीच गोठलेली नाही. शिवाय डॉक्टर तुमच्या विम्याच्या नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला हवा, ही भानगड वेगळीच.