मोठा प्रोग्रॅम मध्येच थांबला, तर पुन्हा कुठून सुरू करावा?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या कारखान्यात जुन्या व्हीएमसीवर (संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) मोल्डचे, म्हणजे साच्याचे, फिनिशिंग होते. प्रोग्रॅम १० एमबीच्या वर जातो आणि कंट्रोलची (मशीनच्या संगणकाची) मेमरी २५६ केबीच असल्यामुळे तो लॅपटॉपवरून केबलने थोडाथोडा पाठवावा लागतो. मशीन गचके देते, कधी मध्येच थांबते. थांबलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू करणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : नाही. ती ओळ शोधून तिथूनच सायकल स्टार्ट दाबणे हाच या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. मधल्या ओळींत बहुधा एक्स, वाय आणि उंचीच्या झेडचे आकडेच असतात; स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या दांड्याचा) वेग, फीड (टूल कापत पुढे सरकण्याचा वेग), जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, शून्यबिंदू ठरवणारा जी५४ आणि टूलची लांबी हिशेबात धरणारा जी४३ हे सारे सुरुवातीला एकदाच दिलेले असते. रीसेटनंतर जी४३ने दिलेला लांबीचा ऑफसेट रद्द झालेला असेल, तर कंट्रोल स्पिंडलच्या तोंडालाच टूलचे टोक समजतो आणि अख्खे टूल जॉबमध्ये घुसते.

म्हणून कॅममधूनच (प्रोग्रॅम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच) प्रोग्रॅमचे टूलनुसार, आणि एकाच टूलचे काम लांबलचक असेल तर जॉबच्या भागांनुसार, तुकडे करून घ्या. प्रत्येक फाइलच्या आरंभी जुने आदेश रद्द करणारी ओळ, स्पिंडल, जी५४ आणि सुरक्षित उंचीवर जी४३ असावा. शेवटी झेड वर जावा. मशीन थांबले, तर झेड वर घ्या, टूलची धार तपासा आणि तीच फाइल पहिल्यापासून चालवा. अर्धा तास हवेत फिरण्यात जाईल, पण मोल्ड वाचेल.

गचक्यांचे कारण साध्या हिशेबात आहे. केबलचा वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) असताना, एका अक्षरामागे ११ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे ८७० अक्षरे, म्हणजे २२ अक्षरांच्या जेमतेम ४० ओळी पोहोचतात. प्रत्येक ओळीची चाल ०.१ मिमी असेल, तर मिनिटाला २४० मिमीपेक्षा जास्त फीड मिळणारच नाही. टूल ओळीची वाट पाहत थबकते आणि पृष्ठभागावर डाग उमटतात. कंट्रोलला कार्डचा स्लॉट असेल आणि कार्डावरून थेट प्रोग्रॅम चालवण्याची सोय असेल, तर केबल सोडाच. कार्डावर घेतलेल्या फाइलचा आकार मूळ फाइलशी जुळतो का आणि शेवटची ओळ पूर्ण आली आहे का, हे मात्र दर वेळी पाहा.

पहिल्यांदा खाली येताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ चालवणे) चालू आणि रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) २५ टक्क्यांवर ठेवा. टूल जॉबच्या साधारण ५० मिमी वर आले की फीड होल्ड (चाल थांबवणारे बटण) दाबा आणि पडद्यावरील ‘डिस्टन्स टु गो’ (उरलेली चाल) समोर दिसणाऱ्या अंतराशी ताडून पाहा. शिफ्ट बदलताना पूर्ण झालेल्या शेवटच्या फाइलचा क्रमांक सेटअप शीटवर लिहून ठेवावा, तोंडी निरोपावर ते सोडू नये.