गच्चीच्या गळतीकडे सोसायटी वर्षभर लक्ष देत नाही, काय करावे?

सचिवांना लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या, आणि तरीही काम सुरू झाले नाही तर आपल्या विभागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, कठडे, सामाईक नळ आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निबंधक संस्थेला तिचे कर्तव्य पार पाडण्याचा आदेश देऊ शकतात; नुकसानभरपाई हवी असल्यास याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. ओल धरलेल्या छताची आणि सुटलेल्या पोपड्यांची, तारीख दिसेल अशी छायाचित्रे अर्जाला अवश्य जोडा, कारण पावसाळा सरला की भिंत वाळते आणि तक्रारीचा पुरावाच उरत नाही. मात्र पाणी गच्चीतून नव्हे तर वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून झिरपत असेल, तर तो खर्च साधारणपणे त्या सभासदावर येतो, म्हणून आधी प्लंबरकडून उगमाची लेखी खात्री करून घ्या. आणि कितीही संताप झाला तरी मासिक देखभाल शुल्क थांबवू नका. थकबाकीदार ठरलात तर तुमचीच बाजू लंगडी पडते.