सोयापेंड महाग पडतेय, कोल्हापुरात हुलगा-चवळी सहज मिळते, वाढत्या डुकरांना चालेल का?

चालतंय की, पण शिजवून, आणि निम्मी पेंड तरी राहू द्या. कच्च्या हुलग्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, त्यानं प्रोटीन पचत नाही, डुक्कर खातं पण वजन हलत नाही (घरचं कच्चं सोयाबीन घालणाऱ्यांचं पण हेच होतं). रात्री भिजवून सकाळी दाणा बोटानं चिरडेपर्यंत उकळा. पेंडीत प्रोटीन साधारण ४५ टक्के, हुलग्या-चवळीत २२-२४, म्हणजे किलोभर पेंडीच्या जागी दोन किलो कडधान्य आणि वरच्या किलोएवढा खाद्यातला मका कमी, हा हिशोब न करता भाव बघू नका. कडधान्यात मेथिओनिन (प्रोटीनचा एक घटक, अमिनो आम्ल) कमी असतं, ते वेगळं घालावं लागतं. दूध नुकतंच तुटलेल्या पिल्लांना मात्र नको, २५-३० किलोच्या पुढंच.